शाळा अर्धवट सुटली, आता दहावी-बारावी कशी करायची? खऱ्या वाटा कोणत्या आणि फसगत कुठे होते?

दहावी पास नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शेरा येतो. म्हणजे आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारकडून वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी पास असेल तर ती लागत नाही. गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या पदासाठीही आता बारावी लागते. काम येतं, अनुभव आहे, पण कागद नाही म्हणून अनेकांचं इथेच अडतं.

हा कागद मोठ्या वयातही मिळवता येतो. त्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. मात्र वाटा वेगवेगळ्या आहेत आणि चुकीची वाट धरली तर वर्षं आणि पैसे दोन्ही वाया जातात.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे काय?

महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून देण्यासाठी हा अर्ज भरतात. अर्ज ऑनलाइन असतो. त्यात जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय 'संपर्क केंद्र' म्हणून निवडावं लागतं. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, हॉल तिकीट ही कामं तिथूनच होतात.

सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. बारावीसाठी दहावीची गुणपत्रिकाही लागते.

प्रश्नपत्रिका आणि उत्तीर्ण होण्याचे निकष नियमित विद्यार्थ्यांचेच असतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पण फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. दिवाळीनंतर चौकशी सुरू केली तर बहुतेकदा मुदत निघून गेलेली असते.

रात्रशाळा कोणासाठी?

दिवसभर काम करणाऱ्यांसाठी. मुंबईत रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. संध्याकाळी वर्ग भरतात, शिक्षक समोर असतात आणि परीक्षा राज्य मंडळाचीच असते. २००८ मध्ये निकिता केतकर यांनी सुरू केलेली 'मासूम' ही संस्था अशा रात्रशाळांना मदत करते. एकट्याने पुस्तक उघडून बसणं जमत नसेल त्यांना ही वाट सोयीची. अडचण एवढीच, की ही सोय मुख्यतः शहरांत आहे.

एनआयओएस म्हणजे काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, हे केंद्र सरकारच्या अखत्यारीतलं मंडळ आहे. त्याची स्थापना १९८९ मध्ये झाली, मुख्यालय नोएडाला आहे आणि विभागीय केंद्र पुण्यातही आहे. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५.

नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांना इथले नियम सोपे जातात:

- पाच विषय पुरेसे, त्यात किमान एक भाषा हवी.
- परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.
- एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते. तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात.
- सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. जो विषय सुटला तो सुटला.
- उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात.
- दहावी मराठी माध्यमातूनही करता येते.

मग गणित सोडून द्यायचं का?

एनआयओएसच्या दहावीत गणित सक्तीचं नाही. अनेक जण त्याचसाठी इकडे वळतात. पण पुढे आयटीआयचे इंजिनीअरिंग ट्रेड करायचे असतील, तर त्यातल्या बऱ्याच ट्रेडना गणित आणि विज्ञान लागतं. त्यामुळे दहावी करून पुढे काय करायचं, हे विषय निवडण्याआधीच ठरवलेलं बरं. पासपोर्टसाठी दहावी करणाऱ्याचे विषय वेगळे असू शकतात, आयटीआयला जाणाऱ्याचे वेगळे.

शाळा पाचवी-सहावीतच सुटली असेल तर?

राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीच्या स्तराची परीक्षा देता येते. थेट दहावीला बसण्याऐवजी तिथून सुरुवात केली तर पाया पक्का होतो. मुली आणि महिलांसाठी 'प्रथम' संस्थेचा 'सेकंड चान्स' हा कार्यक्रमही दहावीची तयारी करून घेतो.

कोणता कागद म्हणजे दहावी-बारावी नाही?

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. केंद्राच्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं प्रमाणपत्र लिहिता-वाचता आणि आकडेमोड येते याचं असतं, दहावीचं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून अनेकांनी पदवीला प्रवेश घेतला, पण म्हणून ते बारावी पास ठरत नाहीत. ज्या नोकरीच्या जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे हा फरक महागात पडतो.

फसवणूक कशी ओळखायची?

'पंधरा दिवसांत दहावी', 'परीक्षा न देता पास', 'मागच्या वर्षाची मार्कशीट' अशा जाहिराती फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास दिसतात. खरं मंडळ यातलं काहीच देत नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात:

- मंडळाचं नाव देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कोब्सेच्या यादीत आहे का?
- शुल्क मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचं आहे, की कुणा व्यक्तीच्या खात्यावर?
- मंडळाच्या निकालपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात का? राज्य मंडळ आणि एनआयओएस दोन्हींच्या मिळतात.

खासगी क्लास लावण्यात गैर काही नाही. पण क्लास शिकवतो, प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र फक्त मंडळ देतं. बनावट मार्कशीट नोकरीच्या पडताळणीत उघडी पडली तर नोकरी जातेच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

सुरुवात कुठून करायची?

जुन्या शाळेतून. दाखला हातात आला, की राज्य मंडळ किंवा एनआयओएसच्या अधिकृत संकेतस्थळावर यंदाची मुदत आणि शुल्क पाहायचं. दोन्ही दरवर्षी बदलू शकतात. वर्षभर सलग अभ्यास जमणार असेल तर १७ नंबर किंवा रात्रशाळा, आणि वर्षाला एक-दोनच विषय जमणार असतील तर एनआयओएस.