हळद, ओवी आणि एक ‘हो’

भोर-वेल्ह्याकडे लग्न ठरलं की घरात पहिला आवाज जात्याचा व्हायचा. जात्याला हळकुंड बांधायचं, सवाष्णींनी खुंटा धरायचा, ओव्या म्हणत हळद दळायची. आता हळद पाकिटातून येते आणि ओव्यांच्या जागी डीजे. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली नसती, तर आज फोनवरही त्या ऐकता आल्या नसत्या.

या ओव्यांबद्दल वाचत असताना मला एक तारीख सापडली : १४ एप्रिल १७३६. त्या दिवशी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांसाठी एक लांबलचक हुकूम काढला. अ. का. प्रियोळकरांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या पुस्तकात त्याची माहिती आहे. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, चारचौघांत नाहीत आणि दार लावूनही नाहीत. नवरा-नवरीला हळद-तेल लावायचं नाही. सोयऱ्यांकडे विडा-सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. अंगणात तुळस नको, पुरुषांना धोतर नको, बायकांना चोळी नको. भात अळणी शिजवायचा नाही, कारण तो हिंदू तसा शिजवतात!

मला अशा याद्या वाचायला आवडतात. लोक काय करत होते, ते बंदीच्या हुकमाइतकं नेमकं कुठेच सापडत नाही. धर्मांतराला दीडदोनशे वर्षं होऊन गेली होती, तरी घराघरात हळद लागत होती, हे आपल्याला या हुकमामुळेच कळतं.

आता प्रश्न असा की, कॅथलिक श्रद्धेत लग्न पवित्र असतं ते नेमकं कशामुळे? तिथे लग्न हा सात संस्कारांपैकी एक. पण बाकीच्या संस्कारांत आणि यात एक मोठा फरक आहे. रोमन परंपरेत हा संस्कार धर्मगुरू देत नाही. नवरा-नवरी तो एकमेकांना देतात. धर्मगुरू दोघांना विचारतो, त्यांचा होकार ऐकतो आणि चर्चच्या वतीने साक्षी राहतो. आपल्याकडे मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण मोठा. तिथे दोघांनी तोंडाने ‘हो’ म्हणणं मोठं.

मध्ययुगात तर तेवढंच पुरायचं. दोघांनी कुठेतरी आडोशाला एकमेकांना शब्द दिला तरी लग्न खरं. मग पुढे एकजण कानावर हात ठेवायचा आणि दुसऱ्याकडे, बहुतेक वेळा दुसरीकडे, पुरावा नसायचा. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी नियम केला : लग्न गावच्या धर्मगुरूसमोर आणि दोन-तीन साक्षीदारांसमोरच व्हायला हवं, आधी तीन वेळा चर्चमध्ये नावं पुकारायला हवीत आणि लग्नाची नोंद वहीत व्हायला हवी.

याच ठरावात आणखी एक वाक्य आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. ज्या प्रांतात लग्नाच्या चांगल्या चालीरीती असतील, त्या जरूर टिकवाव्यात, अशी इच्छा परिषदेने त्यात व्यक्त केली आहे. म्हणजे होकार हवा, साक्षीदार हवेत. बाकी तुमच्या गावची रीत.

गोव्यात याच्या उलट घडत गेलं. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. दहा हजारांहून जास्त ओव्या, त्याही मराठीत. येशूची कथा लोकांना कळायची तर ती ओवीतूनच, हे या इंग्रज जेझुइटाने ओळखलं होतं. पण १६२० मध्ये हिंदूंनी गोवे शहरात आणि लगतच्या मुलखात लग्नं लावण्यावर बंदी आली. १६८४ मध्ये स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा फतवा निघाला. मग १७३६. ज्या छंदात चर्चने स्वतः पुराण सांगितलं, तोच लग्नघरात गुन्हा ठरला. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी तर पोर्तुगीज येत नसलेल्यांची लग्नंच अडवली. जो संस्कार दोघांच्या होकाराने होतो, तो होकार कुठल्या भाषेत द्यायचा यावर अडला. मनातली श्रद्धा तपासता येत नाही, अंगाला लागलेली हळद दिसते. तपासनीसांनी दिसेल ते धरलं.

अर्थात आपण फार हसू नये. आमच्याकडे हळद होती, घाणा होता, ओव्या होत्या. पण माझ्या आजीच्या लग्नात तिला ‘पसंत आहे का’ असं कुणी विचारलं नव्हतं. ती बारा वर्षांची होती. चर्चच्या कायद्यात जबरदस्तीने किंवा धाकाने घेतलेला होकार हा होकार धरत नाहीत. असं लग्न मुळात झालेलंच नाही, असं चर्च मानतं. प्रत्यक्षात तिथेही घरच्यांचं दडपण असणारच. पण नियम तरी नवरीच्या बाजूने लिहिलेला आहे.

हुकमाचं पुढे काय झालं? तीनच वर्षांत, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातून पोर्तुगीजांचा अंमल बहुतेक उठला. ख्रिस्ती वस्ती मागे राहिली, तिची चर्चही राहिली. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची रीत आहे. गोव्यात इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. तिथल्या कॅथलिक घरांत आजही लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ होतो : नवरीला आणि नवऱ्याला आपापल्या घरी नारळाचा रस लावतात, बायका गाणी म्हणतात.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधींवरचा आपला दस्तऐवज मंजूर केला. लग्नाच्या कलमात तिने ट्रेंटचं ते चारशे वर्षांपूर्वीचं वाक्य पुन्हा जसंच्या तसं घेतलं. शिवाय प्रत्येक प्रदेशाला आपल्या चालीरीतींप्रमाणे लग्नविधी तयार करण्याची मोकळीक दिली. अट एकच ठेवली : धर्मगुरूने दोघांनाही विचारायचं आणि दोघांचंही उत्तर ऐकायचं.