घरचा राउटर, घरची फायरवॉल : नेटवर्क कार्ड निवडताना

अडगळीत पडलेल्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे लावून त्यावर मोफत मिळणारी एखादी प्रणाली बसवली, की तो राउटर आणि फायरवॉल अशी दोन्ही कामे करू लागतो. एक कार्ड बाहेरच्या जगाकडे, दुसरे घराकडे, आणि मधे सर्व येणे-जाणे तपासणारा पहारेकरी. २००३ मध्ये मॅन्युएल कॅस्पर या स्विस तंत्रज्ञाने ‘मोनोवॉल’ ही छोटी प्रणाली प्रसिद्ध केली आणि हा उद्योग हौशी मंडळींच्या आवाक्यात आला. मोनोवॉलचे काम २०१५ मध्ये थांबले. मात्र २००४ मध्ये तिच्यातून फुटलेली ‘पीएफसेन्स’ आणि पुढे पीएफसेन्समधून निघालेली ‘ओपीएनसेन्स’ या शाखा आजही जोमात आहेत. लिनक्सच्या घराण्यात ‘आयपीफायर’ आणि ‘ओपनडब्ल्यूआरटी’ आहेत.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभरातील घरगुती राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. कारखान्यात दिलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता, एवढेच भांडवल त्याला पुरले. जोडणीबरोबर मिळालेल्या डबीला किती वर्षे सुधारणा मिळत राहणार, हे ग्राहकाच्या हाती नसते. स्वतः उभारलेल्या राउटरवर सुधारणा स्वतः चढवता येते. पण तो अखंड चालला तरच त्याचा उपयोग. तो अचानक बंद पडतो किंवा रखडतो, तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरला दिला जातो. पुष्कळदा खरा अपराधी असतो तो नेटवर्क कार्ड.

कार्ड घेण्यापूर्वी आपल्या जोडणीचा वेग पाहावा. बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड मानले जाई. त्या वेगाला कोणतेही कार्ड पुरत होते. आता यवतमाळ, पुसद, वणी येथील घरांपर्यंत फायबर पोहोचले आहे आणि १०० मेगाबिट वा त्याहून अधिक वेगाच्या योजना सामान्य झाल्या आहेत. १०० मेगाबिटचे जुने कार्ड तिथे जेमतेम काठावर उभे राहते. म्हणून गिगाबिटच्या खाली उतरू नये. अडीच गिगाबिटच्या कार्डांचा मोहही घरातील जोडणी तेवढी नसेल तर आवरावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डब्यावरचे नाव वाचू नये, कार्डावरची चिप वाचावी. डी-लिंकचे ‘डीएफई-५३० टीएक्स’ आणि ‘डीएफई-५३० टीएक्स प्लस’ ही दोन कार्डे नावाने सख्खी भावंडे, पण एकावर व्हिया कंपनीची चिप होती, तर दुसऱ्यावर रिअलटेकची. प्रणालीच्या लेखी ती दोन निराळी यंत्रे होती, त्यांचे ड्रायव्हरही निराळे.

रिअलटेकची ‘८१३९’ ही चिप तर एका पिढीची ओळख होती. स्वस्त असल्यामुळे ती घरोघरी पोहोचली. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या मूळ संहितेतच तिच्या सुमार रचनेवर बोचरी टिप्पणी लिहून ठेवली आहे. कारण तांत्रिक आहे. आलेली प्रत्येक पाकीट-माहिती चिप एकाच मोठ्या रांगेत ओतते आणि तेथून ती उचलून मुख्य स्मृतीत नेण्याचे काम प्रोसेसरवर पडते. पाठवतानाही बहुधा तीच उचल-ठेव. एका संगणकावर हे खपून जाते. सगळ्या घराची वाहतूक ज्याच्यातून जाते, त्या राउटरवर प्रोसेसर हमालीतच दमतो.

तिसरा प्रश्न कार्ड कोणत्या खाचेत बसणार याचा. जुन्या पीसीआय खाचेची एकूण क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, म्हणजे एक गिगाबिटच्या थोडी वर, आणि तीही सर्व कार्डांत वाटलेली. राउटरमध्ये प्रत्येक पाकीट एकदा आत येते आणि एकदा बाहेर जाते, त्यामुळे हातात निम्मीही उरत नाही. यवतमाळकरांना हा अनुभव नवा नाही. आता बंद असलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेने अडीच फुटी नॅरोगेजवरून आलेल्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भराव्या लागत. पुढचा रूळ कितीही रुंद असला तरी मालाचा वेग अलीकडचा रूळ ठरवत असे. गिगाबिटचे कार्ड पीसीआय खाचेत घालणे म्हणजे तोच प्रकार. पीसीआय एक्सप्रेसची पहिल्या पिढीची सर्वांत छोटी खाचही प्रत्येक दिशेला २५० मेगाबाइट देते आणि ती इतर कार्डांशी वाटून घ्यावी लागत नाही. संगणकात ही खाच नसेल, तर तो राउटरसाठी न वापरलेलाच बरा.

मग घ्यावे कोणते? पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर चालतात, आणि तेथे इंटेलच्या गिगाबिट चिप वर्षानुवर्षे भरवशाच्या ठरल्या आहेत. ‘आय-२१०’ आणि ‘आय-३५०’ ही त्यांतली डोळे झाकून घेण्याजोगी नावे. पण ‘इंटेल’ हा शब्दही मंत्र नव्हे. अडीच गिगाबिटच्या ‘आय-२२५’ चिपच्या पहिल्या आवृत्त्यांत काही स्विचांशी जुळताना पाकिटे गळत, आणि हा दोष २०२० मध्ये समोर आला. ‘बी-३’ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. दुसरीकडे, लिनक्सवर रिअलटेकच्या आजच्या चिप नीट चालतात. तेव्हा प्रणाली आयपीफायर किंवा ओपनडब्ल्यूआरटी असेल, तर मदरबोर्डावरच्या रिअलटेक पोर्टला नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रणाली आधी ठरवावी, कार्ड नंतर.

‘आय-३५०’च्या बनावट नकलाही बाजारात आहेत. सर्व्हरमधून काढलेले जुने अस्सल कार्ड नव्या नकलेपेक्षा केव्हाही चांगले. ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. काही कार्डे विशिष्ट सर्व्हरच्याच खाचेसाठी घडवलेली असतात आणि साध्या मदरबोर्डात बसत नाहीत. काहींना आखूड पट्टी असते, ती उंच कॅबिनेटला लागत नाही. यूएसबीला लावायचे नेटवर्क अडॅप्टर मात्र या कामासाठी घेऊच नये.

बीएसएनएलच्या फायबर जोडणीत नाव-पासवर्ड देऊन ‘पीपीपीओई’ पद्धतीने आत शिरावे लागते. फायबरची डबी ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवून हे काम आपल्या राउटरकडे द्यावे. यात एक मेख आहे. महागडी कार्डे येणारी वाहतूक अनेक रांगांत वाटून प्रोसेसरच्या निरनिराळ्या गाभ्यांना देतात, पण पीपीपीओईची पाकिटे सहसा एकाच रांगेत जाऊन बसतात. त्यामुळे चार रांगांच्या कार्डाचा फायदा बाहेरच्या बाजूला जवळजवळ मिळत नाही.

वऱ्हाडात आणखी एका संकटाचा विचार करावा लागतो, तो विजेचा. मृगाच्या पहिल्या पावसात कडाडणारी वीज घरापासून दुकानापर्यंत ओढलेल्या तांब्याच्या तारेतून थेट कार्डापर्यंत पोहोचू शकते. नेटवर्क पोर्टमधील विलगीकरण दीड हजार व्होल्टच्या चाचणीसाठी असते. आकाशातील विजेपुढे ते काहीच नाही. फायबर काचेचे असल्याने त्यातून वीज वाहत नाही, म्हणून दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबरच टाकावे. तांब्याची तार टाळता येत नसेल, तर ती मदरबोर्डावरच्या पोर्टला न लावता वेगळ्या कार्डाला लावावी. धक्का बसलाच, तर मदरबोर्ड वाचून नुसते कार्ड बदलण्यावर निभावण्याची शक्यता तेवढी वाढते. अर्थिंग नीट नसलेल्या घरात मात्र कोणत्याच युक्तीचा भरवसा नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा उष्णतेचाही हिशेब हवा. दोन पोर्टांचे गिगाबिट कार्ड पाचेक वॉट खाते, ते पंख्याविना निभावते. सर्व्हरमधून निघालेली तांब्याच्या तारेची दहा गिगाबिट कार्डे १५ वॉटच्या आसपास जातात आणि त्यांना सतत वाऱ्याचा झोत लागतो. ६० वॉट घेणारा जुना संगणक अहोरात्र चालवला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट जळतात. १२ वॉटचा छोटा पंखाविरहित संगणक १०५ युनिटांत भागवतो आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पाचपट वेळ टिकतो. त्यात एकच पोर्ट असेल, तर व्हीलॅन जाणणारा स्विच लावून त्या एका पोर्टातून घर आणि बाहेर असे दोन वेगळे मार्ग काढता येतात.

कार्ड बसवल्यावर ‘आयपर्फ’ने दोन्ही बाजूंचा वेग मोजून तो कागदावर लिहून ठेवावा. जमल्यास त्याच चिपचे दुसरे कार्ड कपाटात असू द्यावे. ऐन पावसाळ्यात पहिले जळाले, तर त्यासाठी नागपूरची सीताबर्डी गाठण्यात एक दिवस जातो, आणि तेवढा वेळ घर पुन्हा जुन्या डबीच्या भरवशावर राहते.