चोरबत्तीचा पांढरा उजेड

फाल्गुन वद्य अमावास्येस शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनास लोक लोटतात. १६८९ सालच्या मार्च महिन्यांत याच तिथीस महाराजांचा अंत झाला. रात्र चंद्रावांचून असल्यानें हातीं चोरबत्ती हवीच. अशा वेळीं दोघांचे झोत एकाच दगडावर शेजारीं शेजारीं पडले, कीं दोन्ही पांढरे उजेड एकमेकांस खोटे पाडतात. एक निळसर, दुसरा हिरवट, क्वचित् एकादा गुलाबी! बत्ती एकटीच असली तर ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं. कारण डोळा ज्या उजेडांत वावरतो त्यालाच पांढरा मानूं लागतो.

महाराजांच्या काळीं हा प्रश्न उद्भवत नव्हता. दिवटी असो वा समई असो, ज्योतींतील काजळीचे तापलेले कणच उजेड देत. तापलेली वस्तु आधीं लाल, मग पिवळी, मग पांढरी होते. ही वाट सोडून ती हिरवी किंवा गुलाबी होत नाहीं. पुढें आलेल्या विजेच्या तारेच्या दिव्याची जातही तीच.

पांढऱ्या उजेडाची पहिली फजिती १८८५ सालीं व्हिएन्ना येथें झाली. ऑअर फॉन वेल्सबाख या रसायनज्ञानें मॅग्नेशियम, लँथॅनम व यिट्रियम यांच्या भस्माची जाळी गॅसच्या ज्योतीवर धरली. उजेड मिळाला, पण हिरवट. दिवाणखान्यांत माणसांचे चेहरे रोगट दिसावेत असा दिवा कोण विकत घेणार? सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८९१ सालीं, त्यानें शंभरांत नव्याण्णव भाग थोरियम व एक भाग सीरियम यांच्या भस्माची जाळी केली. लग्नाच्या वरातींत डोक्यावरून मिरविलेली गॅसबत्ती ती हीच. सारी खुबी त्या एका भागांत होती. सीरियम वाढविलें, कीं उजेड पिवळसर व मंद होई. या धातूंसाठीं लागणारें मोनाझाइट १९०९ सालीं त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूंत सापडलें आणि ती वाळू परदेशीं जाऊं लागली.

आजच्या एलईडी बत्तींतही तींच जुनीं नांवें भेटतात. जपानांतील निचिया कंपनींत शूजी नाकामुरा यांनीं १९९३ सालीं तेजस्वी निळी एलईडी सिद्ध केली. १९९६ सालीं त्याच कंपनीनें तिच्यावर पिवळा लेप देऊन पांढरी बनविली. निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तो पिवळा लेप यिट्रियम व अॅल्युमिनियम यांच्या स्फटिकांचा असून त्यांत चिमूटभर सीरियम असतें. लेप कांहीं निळा उजेड गिळून पिवळा परत देतो, कांहीं निळा तसाच निसटतो. या दोहोंच्या मिश्रणास डोळा पांढरा म्हणतो!

म्हणजे येथें उष्णतेची वाट नाहीं. केवळ मिश्रण आहे, आणि मिश्रण चुकतें. लेप पातळ राहिला तर निळसर छटा, जाड झाला तर पिवळट. निळ्या स्फटिकाचा रंग किंचित् सरकला, तर तोल हिरव्याकडे किंवा गुलाबीकडे जातो. लेपांतून तिरपा जाणारा किरण अधिक अंतर कापतो. म्हणून एकाच झोताची कडा पुष्कळदां पिवळी व मध्य निळसर असतो. कारखानदार प्रत्येक दिवा मोजून छटेप्रमाणें निरनिराळ्या वाट्यांत निवडतात. त्यासाठीं वापरावयाचें माप अमेरिकन शास्त्रज्ञ मॅकअॅडम यांनीं १९४२ सालीं डोळ्यास किती सूक्ष्म रंगभेद कळतो हें तपासून काढलें, त्यावरून आलें आहे. काटेकोर निवडलेला माल महाग. स्वस्त बत्तींत कोणत्याही वाटींतला दिवा बसतो. दुकानदार निळसर झोताला जोरदार म्हणून खपवितो, हें निराळेंच.

छटेहून मोठी उणीव लाल रंगाची आहे. निळ्यापिवळ्याच्या या जोडींत तांबडा भाग तुटपुंजा असतो. वेगळा लाल लेप घातला तर ती भरून निघते, पण खर्च वाढतो व उजेड थोडा घटतो. साध्या बत्तीखालीं कुंकू काळपट दिसतें. तेंच समईपाशीं नेलें, कीं पुन्हां लाल.