कातिबांचा कागद आणि आपला पडदा

दर्यापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर उतरते आणि संगणकाच्या पडद्यावर अक्षरांऐवजी खिडकीच दिसू लागते. आमच्या कार्यालयात मग ब्राइटनेस पूर्ण वाढवला जातो, आणि संध्याकाळी जो तो डोके दाबत बसतो. हा त्रास संगणकासोबत आला, असे आपण धरून चालतो. तो त्याहून फार जुना आहे.

शेजारच्या मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी हलवली, तेव्हा आपले पूर्वज आले असे तिथले कागजी मानतात. चिंध्यांच्या लगद्याचा कागद करायचा, त्याला खळ द्यायची आणि अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. घोटाई नसेल तर बोरूची शाई पसरते. पण घोटलेला कागद चकाकतो, आणि ही चकाकी दिवसभर डोळ्यांसमोर असायची.

हेरातचा प्रसिद्ध कातिब सुलतान अली मशहदी याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लेखनकलेवर पद्यात एक पुस्तिका लिहिली. त्यात पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा सौम्य रंग दिलेला कागद बरा, असा त्याचा सल्ला आहे. भडक रंग आणि शुभ्र पांढरा त्याला सूर्याकडे पाहिल्यासारखे वाटत. जुन्या फारसी हस्तलिखितांची पाने फिकट पिवळसर, बदामी दिसतात, ती सगळीच वयामुळे नाहीत. मला यात केवळ नक्षीची हौस दिसत नाही. रोज लिहून पोट भरणाऱ्या माणसाची ती सोय होती.

कारण त्याही आधी शोधले गेले होते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाज़िर’ लिहिली. प्रखर प्रकाश डोळ्याला इजा करतो, आणि प्रबळ उजेडापुढे मंद गोष्ट दिसत नाही, हे त्याने मांडले. तारे दिवसाही आकाशात असतातच, दिसत मात्र नाहीत. खिडकीच्या उन्हात पडद्यावरची अक्षरे हरवतात ती त्याच न्यायाने. अशा वेळी ब्राइटनेस वाढवणे म्हणजे तारे आणखी पेटवायला जाणे!

कातिब गुडघ्यावर फळी ठेवून लिहीत असे; कागद जरा कलवला की चकाकी दुसरीकडे जायची. आपला पडदा जड, म्हणून टेबलच फिरवावे लागते. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतकाच ठेवावा, आणि पांढरा फार टोचत असेल तर थोडा पिवळसर करून घ्यावा. सुलतान अलीची ती युक्ती आता एका बटणावर आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर, अंगणातल्या लिंबाकडे पाहिले तरी पुरते. कूलरचा झोत तोंडावर घेऊ नये, तोही डोळे सुकवतो.

आणि एप्रिलात लावलेले टेबल डिसेंबरात पुन्हा तपासावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि उन्हाळाभर निरुपद्रवी असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते.