आरशासमोरची दहा मिनिटं

आज एका फॅशनेबल पोराची गोष्ट. साल १८८८. हा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला पोचला. मुंबईत शिवलेले कपडे तिथे शोभेनात. मग एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, भावाकडून घड्याळाची सोन्याची साखळी मागवली. रोज दहा मिनिटं आरशासमोर जायची, टाय बांधायला आणि भांग पाडायला. ओळखलंत? मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

१८९३ मध्ये दरबानच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणाला, पगडी काढा. गांधी उठून बाहेर गेले. कपडा आता मानाचा प्रश्न झाला होता.

मग २२ सप्टेंबर १९२१, मदुराई. वय एक्कावन्न. परदेशी कापड सोडा म्हणावं, तर खादी घ्यायला गरिबाकडे पैसे कुठे? त्यांनी आधी स्वतःचेच कपडे कमी केले. टोपी-बंडी गेली, पंचा आला. ठरवलं होतं ३१ ऑक्टोबरपर्यंत, राहिला शेवटपर्यंत. १९३१ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाला भेटतानाही तोच, वर फक्त शाल.

वय वाढलं की माणूस आपोआप साधा होतो, असं आपण म्हणतो. इथे आपोआप काहीच झालं नाही. विशीत प्रश्न होता, मी कसा दिसतो? पन्नाशीत झाला, मी कोणासारखा दिसतो?

आज घरी बाबांचा, आजोबांचा जुना फोटो काढा. तो स्टायलिश शर्ट कधी सुटला आणि का, विचारा तर खरं. भेटू पुढच्या भागात!