वर्ध्याचे खासदार आणि स्कूटरचा परवाना

१. कमलनयन बजाज : उद्योगपती जमनालाल बजाज यांचे थोरले चिरंजीव, १९५७, १९६२ आणि १९६७ साली वर्ध्यातून काँग्रेसचे खासदार. याच काळात, १९५९ मध्ये, बजाज उद्योगाला दुचाकी व तीनचाकी गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला. त्यात काही वावगे घडले असे सुचवायचे नाही. पण कारखान्याने किती गाड्या काढायच्या हेही तेव्हा दिल्ली ठरवी, म्हणजे खासदाराच्या घरच्या उद्योगाचे निर्णय सरकारच्या हाती होते. असा हितसंबंध कायदा पुरता रोखत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९-अ सरकारी कंत्राट घेणाऱ्याला अपात्र ठरवते. परवानाधारक कंपनीचा मालक त्यात येत नाही. ही फट बुजवायलाच हवी होती. लोकसभेच्या नियम ३७१नुसार थेट आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मतावर हरकत घेता येते, मात्र मतापुरतीच. मंत्र्याच्या दालनातली भेट या नियमाच्या कक्षेबाहेर राहते.