सहा जानेवारीचं पत्र

घाटंजीच्या आमच्या घरात २०१९ च्या जानेवारीची एक जाडसर फाइल आहे. तेव्हा गावात कापसाच्या गाड्यांची गर्दी होती आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरायचं होतं, ११ ते १३ जानेवारी. याआधी संमेलन इथे १९७३ साली आलं होतं, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असताना. पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक, म्हणून पेपरांची कात्रणं कापून ठेवत होतो. हौस म्हणून सुरू केलेलं हे काम सहा तारखेनंतर हौसेचं राहिलं नाही.

अध्यक्ष अरुणा ढेरे. त्यांची निवड निवडणुकीशिवाय, सन्मानाने झाली होती आणि त्याचं कौतुकही चाललं होतं. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांचं होकाराचं उत्तर आलं, भाषणही त्यांनी आगाऊ लिहून पाठवलं. पुढच्या सगळ्या कागदांचा क्रम या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो: रद्द करणारं पत्र निघालं तेव्हा भाषण लिहून तयार होतं.

ते पत्र ६ जानेवारीचं, रविवारचं. स्वागत समितीचे कार्याध्यक्ष रमाकांत कोलते यांनी पाठवलेलं. संमेलन उधळण्याचे इशारे आले आहेत, अनुचित प्रकार टाळायचा आहे, सबब निमंत्रण मागे घेत आहोत, असा त्याचा आशय. भाषणातल्या एकाही ओळीवर त्यात हरकत नाही. सेन्सॉरची लाल पेन्सिल फिरलेला कागद शोधणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही. लागतं ते दिलगिरीचं पत्र. सहा जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सुरू झालं. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात हे असेल असं मला वाटत नाही. तारखा अशा आपसूकच एकमेकींवर येऊन पडतात.

इशारे कुणाचे होते, हेही पेपरांत आलं. मनसेच्या जिल्ह्यातल्या नेत्यांचं म्हणणं, मराठीच्या संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला? प्रश्न विचारायला हरकत नाही. पण आदल्याच वर्षी बडोद्याच्या ९१ व्या संमेलनाचं उद्घाटन गुजराती लेखक रघुवीर चौधरी यांनी केलं होतं आणि तेव्हा मांडव उधळायची भाषा झाली नव्हती. शिवाय या बाईंचे वडील रणजित सीताराम पंडित मराठीच. संस्कृतचे जाणकार. ‘राजतरंगिणी’, ‘मुद्राराक्षस’ आणि ‘ऋतुसंहार’ त्यांनी इंग्रजीत नेलं. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात प्रकृती खालावली आणि १९४४ साली ते गेले. महाराष्ट्राशी आपलं नातं वडिलांकडून आहे, हेच सहगल त्या भाषणात सुरुवातीला सांगणार होत्या.

दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, राज ठाकरे यांचं निवेदन आलं. सहगल यांना आपला विरोध नाही, झाल्याबद्दल दिलगीर आहोत, असं त्यात आहे. हे कात्रण मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. कागदावर दिलेलं कारण होतं उधळण्याच्या भीतीचं. ज्या पक्षाच्या नावाने ती भीती होती, त्याच्या अध्यक्षानेच चोवीस तासांत हात मागे घेतला. उद्घाटनाला अजून चार दिवस होते. तरीही त्या यवतमाळला आल्या नाहीत. कागद मांडून बघितले तर कारण गेलं आणि निर्णय मागे उरला.

मग भाषणात होतं तरी काय? ‘तिनं असं काय लिहिलं होतं गा?’ असं शेजारच्या कास्तकाराने मला विचारलं होतं. तोवर ते भाषण मराठीत येऊन जिल्ह्यात फिरत होतं, खरं तर मांडवात ऐकलं असतं त्याहून जास्त लोकांनी ते वाचलं. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांचे खून, गोमांसाच्या संशयावरून दादरीत अखलाक यांचा झुंडीने घेतलेला जीव, वेगळं बोलणाऱ्यांना गप्प करण्याची चाललेली खटपट. हे लिहिणारी बाई पंडित नेहरूंची भाची. पण आणीबाणीत तिने मामेबहिणीच्या, इंदिरा गांधींच्या विरोधात लिहिलं आणि २०१५ साली १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार परत केला. सरकार कुणाचं आहे हे बघून ती बोलत नव्हती, एवढं तिच्या आयुष्याच्या तारखांवरून सरळ दिसतं.

भाषण वाचूनच पत्र लिहिलं गेलं, असं कागद म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. स्वागताध्यक्ष जिल्ह्याचे पालकमंत्री मदन येरावार होते, ही नोंदीतली गोष्ट. तिच्यापुढे ओढूनताणून काही जोडणं इतिहास लिहिणाऱ्याचं काम नव्हे. पुढे आयोजक आणि संमेलन भरवणारं साहित्य महामंडळ यांच्यात निर्णय कुणाचा यावरून टोलवाटोलवी झाली. नऊ तारखेला महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. निमंत्रित लेखक एकामागून एक बहिष्कार जाहीर करत गेले.

इथे कऱ्हाड आठवतं. १९७५, आणीबाणी, वृत्तपत्रांवर खरीखुरी सेन्सॉरशिप. संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत, आणि समोर यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि लेखनस्वातंत्र्यावर बोलायचं ते बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. म्हणजे तेव्हा बोलल्यानंतर शिक्षा झाली. यवतमाळात बोलण्याची वेळच आली नाही.

अकरा तारखेला उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर चालवणारी, ‘तेरवं’ नाटकात काम केलेली ही शेतकरी बाई. अडीनडीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, असं त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. वाक्य दोन्हीकडे कापणारं होतं. आमच्या भागातल्या विधवेला व्यासपीठ मिळालं याचा आनंद मला खरा झाला, पण ते मिळालं कुणाच्या रिकाम्या खुर्चीमुळे, हेही डोळ्यांआड करता येत नव्हतं. मांडवात काही बायका सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या होत्या. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी आणि अरुणाताईंनीही झाल्या प्रकाराबद्दल नापसंती बोलून दाखवली. म्हणजे ज्यांना बोलावून येऊ दिलं नाही, त्यांच्याबद्दल बोलण्यातच पहिला दिवस गेला.

फाइलीतला शेवटचा कागद २९ जानेवारीचा. मुंबईच्या लेखक-कलावंतांनी दादरच्या शिवाजी मंदिरात ‘चला, एकत्र येऊ या’ म्हणून कार्यक्रम ठेवला. एक्क्याण्णव वर्षांच्या नयनतारा सहगल तिथे आल्या आणि बोलल्या.